गुंठ्यातला ठ

अक्का मला कधीच नावानं हाक मारत नसे. "ए पुणे, हिकडं ये," असं ती खिडकीजवळच्या आपल्या जागेवरून ओरडायची आणि मी, कागदोपत्री तिचा वरिष्ठ, हातातलं काम टाकून निमूट जायचो. दिल्लीहून आलेला पोरगा "दिल्ली", विजयवाड्याची मुलगी "विजयवाडा". आमच्या मॅनेजरचं बालपण वडिलांच्या बदल्यांमुळे गावोगाव गेलेलं, त्यामुळे त्याला गाव मिळालं नाही. त्याला ती नुसतंच "अहो" म्हणायची आणि तो उगाचच ओशाळायचा.

बंगळुरात, इंदिरानगरातल्या एका हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मी पुण्याहून नवा नवा आलेला. पहिल्याच सकाळी पन्नाशी कधीच ओलांडलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. अंगावर कॉटनची साडी, पायात धावायचे बूट आणि हातात घरून आणलेला स्टीलचा पेला. म्हणाली, "तिंडी जाली की?"

मला वाटलं, तिंडी हे एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव असणार. "अजून इन्स्टॉल नाही केलं," मी म्हणालो.

ती इतकी हसली की पेल्यातली कॉफी माझ्या नव्या लॅपटॉपवर सांडली. तिंडी म्हणजे नाश्ता. बाई माझ्याशी मराठीत बोलत होती आणि मला पत्ता नव्हता.

तिचं घराणं बंगळुरात तीन-चारशे वर्षांचं, मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेलं. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्हींच्या मध्ये उंबरठा असा फारसा नाहीच. मी पडलो पुण्याचा. पुण्याच्या माणसाला परगावी मराठी ऐकू आलं की आधी आनंद होतो आणि लगेच चुका दिसू लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी अगदी उदार मनानं तिला सांगितलं, "अक्का, तुम्ही बोलता छान. थोडं कानडी वळण आहे, पण ते सुधारता येईल. 'साकु' नाही, 'पुरे'. 'हिकडं' नाही, 'इकडे'."

तिनं पेला खाली ठेवला. "पुणे, तुझं मराठी रात्रीच्या बसनं आलं, पाय अवघडून. आमचं घोड्यावरून आलंय रे. आणि अक्काला तुम्ही म्हणतात की? तू म्हण."

त्या दिवसापासून मी तिला तू म्हणू लागलो. व्याकरण सुधारण्याची मोहीम मात्र चालूच ठेवली. उपकार करायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

अक्का सगळं बांधून आणायची. घरून निघून बंगळुरातल्या शिवाजीनगरला बस बदलायची, तिथल्या बाजारात कापडाचे तुकडे घ्यायची आणि त्यांत चार्जर, गोळ्या, चष्मा, डबा, सगळ्यांची वेगवेगळी गाठोडी करायची. प्रत्येक गाठ वेगळी. डब्यातलं दुसऱ्याला द्यायचं झालं तर गाठोडं तसंच हातात ठेवायची आणि म्हणायची, "डावं टोक ओढ. उजवं बेड, नको. उजवं ओढलंस तर तुझा सांबार तुझ्या पँटीवर." मी एकदा उजवं ओढलं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तिचं सगळं तत्त्वज्ञान त्या गाठोड्यांत होतं. "बांधायला सगळ्यांना येतं रे. सोडणार कोण, ते बोल." कुणाचाही कोड वाचायला घेतला की तिचा हा पहिला प्रश्न. आणि तो प्रश्न आमच्या धंद्याच्या अगदी मुळाशी जाणारा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आमचा धंदा असा. माहिती एवढी मोठी की एका मशीनमध्ये मावत नाही. मग ती पुष्कळ मशीनांवर वाटून द्यायची, प्रत्येकीनं आपापल्या वाटणीचं काम करायचं आणि शेवटी सगळं गोळा करायचं. हे वाटप करणारी जी यंत्रणा, तिला आम्ही फ्रेमवर्क म्हणतो. फ्रेमवर्क मोजकाच माल ओळखतं: आकडा, अक्षरं, तारीख, हो किंवा नाही. याबाहेरचं काही आणलंत तर तुम्हीच त्याला सगळं शिकवायचं. हे बांधायचं कसं, दुसऱ्या मशीनवर पोचल्यावर सोडायचं कसं, दोन सारखे कधी म्हणायचे, त्यांतला मोठा कोणता. एवढं शिकवलंत की तुमचा स्वतःचा टाइप तयार होतो. बहुतेक लोक इतका खटाटोप करत नाहीत. जे बसत नाही ते अक्षरांत कोंबून मोकळे होतात. मीही त्यांतलाच.

अक्काला या कोंबण्याचा भयंकर राग. "पोत्यात घातलं की भात आणि भुसा एकच दिसतो," असं ती म्हणायची. एखाद्या फॉर्मच्या यादीत शेवटी 'इतर' दिसलं तर तिच्या कपाळाची शीर उडायची. मी एकदा विचारलं, बिचाऱ्या 'इतर'वर एवढा राग का? तिनं कॉफीचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत सांगितलं, "शाळेत मातृभाषा विचारायचे. मी मराठी म्हणायची. मास्तर म्हणायचे, मग तू हिकडची नव्हेस. पुण्याला आत्याकडं गेले तर तिथली पोरं म्हणायची, कानडी आली, कानडी आली. सगळा जन्म 'इतर'मध्ये बसले रे मी."

मी तेव्हा काय बोललो असेन? मी म्हणालो, "अक्का, 'गेले तर' नाही, 'गेले की'."

तर असं आमचं चाललेलं असताना देवनहळ्ळीचं काम आलं. विमानतळाकडच्या त्या पट्ट्यात शेतांचे प्लॉट पाडून लेआउट होत होते आणि तिथल्या एका कंपनीला आसपासच्या गावांतल्या हजारो जमिनींचा हिशेब लावून हवा होता. कुणाचं किती, कुठल्या तुकड्याला लागून कुठला, एकाच मापाचे तुकडे कोणते. जमिनीची मापं एकर-गुंठ्यांत. नोंदी लिहिणारे मध्ये टिंब देतात. एक एकर वीस गुंठे असेल तर लिहिलेलं असतं १.२०.

मी ते टिंब बघितलं आणि प्रकरण निकालात काढलं. दशांश अपूर्णांक! आकड्याचा टाइप फ्रेमवर्कमध्ये आहेच. वापरा आणि घरी जा.

अक्कानं मात्र एकर-गुंठ्यांचा वेगळा टाइप लिहायला घेतला. लिहून झाल्यावर तो मंजुरीसाठी माझ्याकडे आला, कारण माझ्या सहीशिवाय आमच्याकडे कुठलाच कोड आत जात नसे. तेवढा एक अधिकार मला होता आणि मी तो जपून वापरायचो. त्याच सुमारास अक्काची निवृत्ती ठरली होती. महिनाअखेरीस ती जाणार, तिचं खातं बंद होणार आणि तिच्या नावावरचं मंजूर न झालेलं सगळं काम आपोआप रद्द होणार.

ती माझ्या टेबलाशी आली. अक्का काही मागायला कुणाच्या टेबलाशी आल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "पुणे, तीस वर्षं जाली मला कोड लिहून. एक कंपनी बुडली, एक विकली, एकीनं सगळं टाकून नवीन लिहिलं. माझ्या हातचं आज कुठंच काही चालत नाही. हे तेवढं एक आत घे. मी जायच्या आत."

"बघतो," मी म्हणालो. पुण्यात 'बघतो' म्हणजे काय, ते पुण्यात न राहिलेल्यांनाही माहीत असतं.

पण मी खरंच बघितलं. म्हणजे पहिली ओळ बघितली. टाइपचं नाव तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, आणि त्यात एच नव्हता. गुंटा! आता इथे माझी बाजू समजून घ्यायला हवी. माझ्या वडिलांनी पुण्याच्या कडेला दीड गुंठा जागा घेऊन घर बांधलं. गुंठेवारी, नियमित होणं न होणं, याच गप्पा ऐकत मी लहानाचा मोठा झालो. माझी पहिली अंगाई बहुधा त्याच विषयावरची असावी. गुंठा या शब्दावर माझा वडिलोपार्जित हक्क होता आणि ही बाई त्यातला ठ खाऊन बसली होती. मी शेरा मारला: 'स्पेलिंग सुधारा. ठ हवा.' आणि त्यापुढचं काही न वाचता तो कोड परत पाठवला.

तिचं उत्तर आलं: 'कानडीत गुंटे. जमीन हिकडची, नाव हिकडचं.' मी लिहिलं, 'प्रमाण रूप वापरावं.' तिनं लिहिलं, 'कुणाचं प्रमाण?' हे असं रोज एकेक ओळ चालू राहिलं. ऑफिसात समोरासमोर मात्र दोघं एकमेकांना इडली वाढत होतो.

आता अक्काची एक खोड सांगायला हवी. जे लिहून ठेवलंय ते ती तोंडानं सांगत नसे. विचारलं तर म्हणायची, "लिहिलंय, वाच." देवनहळ्ळीला डेमोसाठी निघालो तेव्हा टॅक्सीत तिनं एकदाच विचारलं, "वाचलास की माझा कोड?"

"हो हो," मी म्हणालो आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

ज्यांच्यासाठी काम चाललं होतं ते गृहस्थ साठीचे, पांढरा शर्ट, कपाळावर गंध. आजूबाजूला त्यांचे भाऊ आणि पुतणे. मी पडद्यावर त्यांच्याच दोन शेतांची बेरीज करून दाखवली. एक शेत १.३०, दुसरं १.२०. "देखिए सर," मी म्हणालो, "टोटल टू पॉइंट फाइव्ह झीरो. हमारा सिस्टम दो डेसिमल तक एकदम अॅक्युरेट है."

एक पुतण्या खोकला. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "सर, ये पचास गुंटा मतलब क्या?"

एकराला गुंठे चाळीस. तीस आणि वीस पन्नास, त्यातून एक एकर भरला, उरले दहा. तीन एकर दहा गुंठे. त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, फक्त गुंठ्यावर जन्मलेल्या मला नव्हतं. एक तर आम्ही दीड गुंठ्याची माणसं. एकर कधी बघितलाच नव्हता, त्यात किती गुंठे मावतात ते मोजायची वेळ कशी येणार?

अक्का कानडीत त्यांच्याशी काहीतरी बोलली. ते हसले, मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात परत या म्हणाले. परतताना मी तिला विचारलं, काय सांगितलंस त्यांना? "सांगितलं, पोरगा हुशार आहे, फक्त आकडे बसनं आलेत."

शहाणा माणूस त्याच संध्याकाळी तिचा कोड मंजूर करून मोकळा झाला असता. मी शनिवार-रविवार घरी बसून माझा स्वतःचा टाइप लिहिला. ठ-सकट. चाळीस गुंठ्यांचा एकर, बेरीज, वजाबाकी, सगळं. लॅपटॉपवर चालवला तर हिशेब अगदी बिनचूक. बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. आता कुकर लाव."

सोमवारी तोच कोड सगळ्या मशीनांवर सोडला आणि दोन एकरवाल्यांचा गट दोनदा आला. अर्धी शेतं एका गटात, उरलेली दुसऱ्यात, आणि दोन्हींवर नाव तेच. मी डोकं धरून बसलो. सकाळ गेली, जेवणाची वेळ गेली. मशीन बिघडली आहे असं मी ऑफिसातल्या दोघांना सांगूनही टाकलं. शेवटी पाठीमागून कॉफीचा वास आला.

"कुणी दोन एकर लिहितो," अक्का पडद्याकडे बघत म्हणाली. "कुणी एक एकर चाळीस गुंटे लिहितो. माप एकच, अल्वा?"

"हो. म्हणून तर मी ते सारखे आहेत असं लिहिलंय. ही बघ ओळ."

"सारखे म्हणालास. पत्ता एक दिलास की?"

मला कळेना. मग जे लिहिलंय ते तोंडानं न सांगणारी अक्का खुर्ची ओढून बसली आणि तिनं सांगितलं. गट करायच्या वेळी फ्रेमवर्क प्रत्येक मापाला विचारतं, तू कुठल्या मशीनवर जाणार? ते उत्तर काढून देणंही टाइपचंच काम. माझी दोन मापं शेजारी उभी केली तर एकमेकांना ओळखत होती, पण कुठं जायचं याचं उत्तर दोघं वेगवेगळं देत होती. एक गेलं एका मशीनवर, दुसरं दुसऱ्या. लॅपटॉपवर मशीन एकच, म्हणून तिथं ही भानगड दिसलीच नाही.

"एका घरात सगळे आपलेच असतात रे," ती म्हणाली. "लांब राहायला गेल्यावर कळतं. सारखे आहेत असं नुसतं म्हणून काय होतं? जिथं एक जाईल तिथं दुसऱ्याला पण जागा पाहिजे. नाहीतर भेटणार कसे?"

मला शाळेतले तिचे ते मास्तर आठवले, आत्याकडची ती पोरं आठवली, आणि 'गेले तर' नाही, 'गेले की' असं म्हणणारा मीही आठवलो. मला फार वाईट वाटलं.

अक्कानं पेला उचलला. मग पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "पुणे, तुझा ठ लाव. चालेल मला. माझ्याच्यात लाव, नाहीतर माझं सगळं तुझ्यात घाल. नाव राहू दे बाजूला. मी जायच्या आत तेवढं चालू दे."

घोड्यावरून आलेली अक्का माझ्या एका अक्षरापुढे खाली उतरली होती. मी जिंकलो होतो, आणि ते जिंकणं मला बघवेना. ती बसली होती तिथंच मी तिचा कोड उघडला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. चाळीस गुंठ्यांचा एकर दुसऱ्याच ओळीत लिहिला होता. सारख्या मापांना एक पत्ता त्याच्याखाली. मी एकही अक्षर न बदलता मंजुरी दिली आणि माझा ठ-वाला टाइप पुसून टाकला.

"ठ?" तिनं विचारलं.

"जमीन इकडची," मी म्हणालो.

"हिकडची," ती म्हणाली.

दुसऱ्या डेमोला पडद्यावर तीन एकर दहा गुंटे आले. गृहस्थांनी वाचलं, "सरी," म्हणजे बरोबर आहे, असं म्हणाले आणि सगळ्यांना कॉफी मागवली. अक्का शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवून गेली. आत चकल्या असाव्यात असा अंदाज होता. गाठ काही सुटेना, म्हणून मी कात्री शोधू लागलो, तर लिफ्टच्या दारातून तिचा आवाज आला, "अय्यो, कात्री बेड! डावं टोक!" सगळं ऑफिस हसलं. मी डावं टोक ओढलं. चकल्याच होत्या.

तिचा टाइप आता देवनहळ्ळीपुरता राहिलेला नाही. आणखी बऱ्याच गावांच्या जमिनी त्यातून जातात. अधूनमधून मी तिला फोन करतो. ती विचारते, "चालतंय की?" मी म्हणतो, चालतंय. ती म्हणते, "साकु," आणि फोन ठेवते.

परवा आमच्याकडे नागपूरची एक मुलगी नव्यानं लागली. हुशार आहे, झपाट्यानं काम करते. पहिल्याच आठवड्यात तिचा एक कोड माझ्याकडे मंजुरीला आला. फक्त एका शब्दाची दुरुस्ती: टाइपच्या नावात एच घातला होता आणि सोबत शेरा होता, 'सर, स्पेलिंग चुकलं होतं, गुंठा केलं.' नाव बदललं की त्या नावानं आजवर बांधून ठेवलेला सगळा माल सोडता येईनासा होतो, हे बिचारीला माहीत नव्हतं. तिनं पहिली ओळ तेवढी वाचली होती.

मी दुरुस्ती नामंजूर केली आणि जागेवरूनच मोठ्यानं हाक मारली, "ए नागपूर, हिकडं ये!"

हाक तोंडातून गेल्यावर माझी मलाच ऐकू आली. मुलगी लगबगीनं आली, समोर उभी राहिली आणि अगदी उदार मनानं म्हणाली, "सर, ते 'इकडे' असतं ना?"

मी उत्तरासाठी तोंड उघडलं. पण माझ्याकडे घोडा नव्हता. मी खरोखरच रात्रीच्या बसनं आलो होतो.

"सरी," मी म्हणालो. "बस. तुला एक गाठ सोडायला शिकवतो."